मी तांबेरा पाळत होते

लोक गाई पाळतात, कोंबड्या पाळतात, आमच्या शिवाजी पेठेत कबुतरं पाळणारेही ढीगभर होते. मी नोकरीभर तांबेरा पाळला. सरकारी पगार घेऊन, सही-शिक्क्यानिशी पाळला. आई शेजारणींना सांगायची, "पोरगी शेतकी खात्यात हाय." पुढचं काही सांगायची नाही, कारण पुढचं सांगितलं की शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या.

तांबेरा म्हणजे सोयाबीनच्या पानावर पडणारा बुरशीचा रोग. पानाच्या पाठीवर बारीक फोड येतात, ते फुटून विटकरी भुकटी बाहेर पडते. पान पिवळं पडून गळतं आणि शेंगा भरायच्या आधीच झाड उघडंनागडं होतं. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं नव्वदीच्या मध्यावर तो असा काही आला, की हिरवं रान बघता बघता खराट्यासारखं दिसायला लागलं. मग आमच्या संशोधन केंद्रावर काम निघालं: कुठल्या जातीला हा रोग लागत नाही ते शोधा. आता ते शोधायचं कसं? लावून बघायचा. त्यासाठी रोग हाताशी पाहिजे, आणि हा रोग बाटलीत राहत नाही. त्याला जिवंत पानच लागतं. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा सावलीत कुंड्या ठेवायच्या, भोवती ओली पोती बांधायची आणि त्या पानांवर तांबेरासाहेबांना जगवायचं. तांबेरा मरू नये म्हणून जेवढी धडपड केलीस तेवढी माझ्यासाठी केली नाहीस, असं आमचे यजमान म्हणतात. म्हणू देत. ते उन्हाळ्यात सुकत नव्हते.

पावसाळ्यात मग रोगाची बाग लावायची. तपासायच्या जातींच्या ओळी, आणि दर काही ओळींनंतर एक ओळ सगळ्यात नाजूक जातीची, मुद्दाम रोगी पाडायला. संध्याकाळी भुकटीचं पाणी फवारायचं, पान सकाळपर्यंत ओलं ठेवायचं आणि वाट बघत बसायचं. ते वाट बघणं माझ्या स्वभावाला कधीच झेपलं नाही. मी बागेत फेऱ्या मारायची. शिपाई म्हणायचा, "बाई, बसा की जरा, तुमी फिरून रोग येत न्हाय." मी त्याच्यावर खेकसायची आणि परत फिरायची.

लोकांना वाटतं, पाऊस पडला की रोग येतो. तसं नसतं. धो धो पाऊस भुकटी धुऊन नेतो. तांबेऱ्याला लागतो तो रेंगाळणारा ओलावा: झिमझिम, धुकं, दव. पान सहा-आठ तास सलग ओलं राहिलं, आणि हवा वीस-पंचवीस अंशांच्या मधे गार राहिली, की शेतात बी रुजावं तशी ती भुकटी पानावर रुजते. मधेच ऊन पडलं, पान सुकलं, तर अर्धवट रुजलेलं तिथंच मरतं. नुसती ओल असून चालत नाही, नुसता गारवा असूनही नाही. जोडीनं लागतात. आणि रुजलं तरी आठवडाभर काही दिसत नाही. फोड दिसतात तेव्हा ती ओली वेळ कधीच होऊन गेलेली असते. म्हणून मला डोळ्यांना दिसणाऱ्या हिरव्या पानाचा कधी भरवसा वाटला नाही. अजून वाटत नाही.

श्रावणात सगळा जिल्हा उघडीप मागायचा आणि मी एकटी झाकळ मागायची. ऊन पडलं की माझं तोंड उतरायचं. चहाच्या गाड्यावर कुणी म्हणालं, "आज बरं ऊन पडलंय," की मला त्या माणसाचा राग यायचा. आजूबाजूच्या गावांत मला तांबेराबाई म्हणायचे. कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं तरी बोट माझ्या बागेकडं. एक गृहस्थ तर वेगळंच काम घेऊन आले. दार लोटून घेतलं, इकडंतिकडं बघितलं, आणि म्हणाले, "बाई, चिमूटभर द्या की."

"काय चिमूटभर?"

"तांबेरा. चुलतभावाच्या रानात सोडायचाय."

मी म्हटलं, "सोडा की. पण वाऱ्याला बांध कळत नाही, पाव्हणं. त्याच्या रानातनं तो न्याहारीला तुमच्याकडंच येतोय." ते म्हणाले, "मग आमच्याकडं न येनारा न्हाय का?" भाऊबंदकीपुढं विज्ञान किती टिकणार? त्यांना चहा पाजला आणि घालवलं.

आता मूळ गोष्टीकडं येते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. गडहिंग्लजकडच्या माळावरच्या एका गावातून बसाप्पा नावाचे शेतकरी केंद्रावर आले. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. त्यांनी उपरण्याची गाठ सोडून टेबलावर सोयाबीन ओतलं. टपोरा, चकचकीत दाणा.

"ह्येला तांबेरा येत न्हाय," आप्पा म्हणाले.

असं म्हणणारे मला खूप भेटले होते, पण आप्पांचं सांगणं ऐकण्यासारखं होतं. तांबेऱ्याच्या पहिल्या वर्षी त्यांच्या रानात सगळं पीक झडलं, पण वरच्या अंगाची चार झाडं हिरवी राहिली. त्यांनी तेवढीच धरली. पुढच्या वर्षी त्यांचंच बी लावलं, त्यातलंही हिरवं तेवढं ठेवलं. असं करत करत घराला पुरून उरेल एवढं बी झालं होतं, आणि औषधाचा थेंब न मारता पीक येत होतं. मी विचारलं, "कुणाला दिलंय का हे?"

"इकत न्हाई द्यायचं आमच्यात. बी लेकीच्या ओटीत घालायचं."

त्यांच्या घरची ती रीतच होती. कर्नाटकी बेंदराला, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर येणाऱ्या बैलांच्या सणाला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी यायच्या, आणि जाताना बाप त्यांच्या ओटीत बियाणं घालायचा. मग ते सासरच्या रानात पेरलं जायचं. आप्पांना तीन लेकी. थोरल्या दोघी माळावरच्याच गावात दिलेल्या. धाकटी महादेवी मात्र नदीकाठच्या गावात होती, आणि तिला हे सोयाबीन पहिल्यांदा येत्या बेंदराला मिळायचं होतं. "तेच्या आदी तपासून द्या," आप्पा म्हणाले. मी म्हटलं, "आधी नाही जमायचं. रोग पावसाळ्यात लागतो. यंदा माझ्या बागेत लावू, नदीकाठी पुढच्या वर्षी द्या." त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची नव्हती हे मला नंतर कळलं.

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. रोज लख्ख ऊन. माझ्या बागेतली रोगी पाडायची ओळसुद्धा ठणठणीत. केंद्राचे साहेब यायचे, बघायचे आणि निघून जायचे. मी रोज सकाळी पानांच्या पाठी चाचपत फिरायची. घरी जेवताना उठून गच्चीवर जायची, ढग आलेत का बघायला. भादव्यात एकदाची झिमझिम लागली. दोन दिवस सूर्य दिसला नाही, अंगावर शाल घ्यावी असा गारवा, आणि पानावरचं पाणी दुपारपर्यंत हलेना. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आठवड्यानं फोड आले. नाजूक ओळीवर आले आणि आप्पांच्या ओळीवरही आले, अगदी तितकेच. मी चारचारदा पलटून पाहिलं. मला फार वाईट वाटलं, कारण त्या दाण्यावर माझाही जीव बसला होता.

निरोप कुठे पाठवत बसू? मीच माळावर गेले. आप्पांच्या रानात पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. पीक हिरवंगार, पान न् पान स्वच्छ. पण मला उत्तर मिळायला वेळ लागला नाही. रान उगवतीच्या उतारावर, वर आडोसा म्हणून एक झाड नाही, आणि वारा असा की माझा पदर धरून ठेवावा लागत होता. आदल्या रात्रीचं दव सकाळी सकाळी उडून गेलेलं. रोगाला जेवढा वेळ ओल लागते तेवढा वेळ तिथं पान ओलं राहतच नव्हतं. पहिल्या वर्षी वाचलेली ती चार झाडंही वरच्या अंगाची, सगळ्यात वाऱ्यावरची. मी आप्पांना हे सगळं बांधावर बसून सांगितलं.

ते भडकले. "तुमी माज्या बियाला रातभर पान्यात बुडवून ठेवलं. पोराला रातभर पान्यात उभं केलं तर सर्दी हुनार न्हाय व्हय?"

"आप्पा, नदीकाठी असंच होतं. धुकं दुपारपर्यंत उठत नाही."

"नदीकाठी माजी म्हादेवी हाय. तिला दिलंय की बी. चला, दावतो तुमास्नी."

म्हणजे दिलं होतंच. तसंच वडापच्या, म्हणजे माणशी भाड्याच्या, जीपमध्ये बसून निघालो. वाटेत मी नुसती बाहेरची रानं बघत होते. जसजशी नदी जवळ येत गेली तसतशी दोन्ही बाजूंची सोयाबीनं पिवळी, झडलेली. आप्पाही बघत होते.

महादेवीचं रान मात्र हिरवं होतं. चहूकडून झडलेल्या शेतांत तेवढा एक तुकडा हिरवा. आप्पा धोतर सावरत आत शिरले, वरचं एक पान तोडलं आणि माझ्या हातात दिलं. "पलटून बगा. बगा की. आता काय म्हंता?"

मी खाली वाकून बुडाजवळची जुनी पानं बघत होते. त्यांच्या पाठीवर फोड होते, पण वाळलेले, राखाडी, भुकटी नसलेले. रोग आला होता आणि कुणीतरी त्याला औषधानं मारलं होतं. तांबेरा आपणहून असा थांबत नाही, मी तो पाळलाय. महादेवी बांधावर उभी होती. माझी आणि तिची नजरानजर झाली, आणि तिनं मान खाली घातली.

घरी गेल्यावर पाय धुवायला म्हणून ती मला घरामागच्या परड्यात घेऊन गेली. जावई वारणानगरला कामाला, सुट्टीला तेवढे यायचे. शेताचं सगळं हीच बघायची. कळशीतनं पाणी ओतता ओतता ती हळू म्हणाली, "अक्का, आप्पांना सांगू नगा."

"काय मारलंस?"

"दुकानदाराला पान दावलं, तेनं दिलं ते. सासूला अळीचं मारतोय म्हटलं, आनि त्यातच मिसळलं. दोनदा मारलं."

"पण लपवायचं कशाला?"

ती कळशी खाली ठेवून उभी राहिली. "लगीन झाल्यापास्नं सासू बोलत्यात, तुज्या बापानं काय दिलं? ह्या बेंदराला आप्पा समद्यांच्या म्होरं बोललं, असं बी दिलंय की औषधाचा थेंब लागनार न्हाय. आता मी सांगू रोग आलाय? माजा बाप खोटा पडंल की."

मला तिचा राग आला आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. काही न करता मी ओले पाय पुसले. बाहेरच्या सोप्यात आले तर आप्पा व्याह्यांना सांगत होते, "पुढच्या बेंदराला तुमच्या भावकीतल्या समद्या सुनांस्नी धाडा माज्याकडं. समद्यांच्या ओटीत घालतो. त्या बी माज्या लेकीच." व्याही खूश, महादेवीची सासूसुद्धा खूश. महादेवीनं सगळ्यांना चहा दिला. भावकीतली सगळी घरं नदीकाठची. आप्पांच्या शब्दावर विसंबून ती औषध न मारता हे बी पेरणार. एका झाकळीत सगळं झडून जाईल, आणि मग भावकी कुणाला विचारेल? महादेवीलाच.

परत येताना जीपमध्ये मी म्हटलं, "आप्पा, माझ्या बागेत रोग आलाय. मी नोंद तशीच करणार. नदीकाठी हे बी औषधाशिवाय देऊ नका."

"तुमच्या बागंत आला, माज्या लेकीच्या रानात न्हाय आला. मी डोळ्यानं बगितलंय." आणि मला त्यांनी गडहिंग्लजला बळंच भजी खायला घातली. जिंकलेला माणूस हरलेल्याला घालतो तशी.

तो हिवाळा मी कसा काढला मलाच माहीत. खरं सांगावं तर एक पोर बापापुढं आणि सासरी दोन्हीकडं उघडी पडते. गप्प बसावं तर सगळ्या भावकीचं नुकसान. यजमान म्हणाले, "तुझं काम रोगाचं, त्यांच्या घरचं नाही." पण रोग घराबाहेर असतो का कधी? संक्रांतीला तिळगूळ द्यायचं निमित्त काढून मी महादेवीकडं गेले. म्हटलं, "तू सांग, नाहीतर मला सांगावं लागेल." ती म्हणाली, "मीच सांगतो अक्का. बेंदराच्या आत सांगतो." मग उन्हाळा आला, कुंड्या, ओली पोती, नेहमीची तगमग. माळावरून काही निरोप नाही. वळवाचे ढग आले आणि मला कळलं की तिनं काही सांगितलेलं नाही. सांगायचंच असं ठरवून मी बेंदराला आप्पांच्या दारात जाऊन उभी राहिले.

अंगण माणसांनी भरलेलं. बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा. नदीकाठच्या सुना टेम्पो करून आलेल्या, त्यांच्यात महादेवीची सासू. आप्पा घोंगड्यावर बसलेले, पुढं सोयाबीनची रास आणि हातात मापटं. मला बघून म्हणाले, "या बाई. तुमी बी पदर पसरा." सगळ्या हसल्या. घरची धाकटी लेक म्हणून महादेवीचा मान पहिला. आप्पांनी मापटं भरून पुढं केलं. तिनं पदर पुढं केला नाही.

"आप्पा, बी घेतो. पन औषध मारनार."

"खुळी का काय? ह्येला कशाला औषध?"

"गेल्या साली बी मारलंतं. दोनदा. रोग आलता."

मी तोंड उघडायच्या तयारीत होते ते तसंच राहिलं. सासू म्हणाली, "म्हंजे? अळीचं म्हटलीस की तू."

"खोटं बोललो, अत्ती. आप्पांचा शब्द पडंल म्हनून बोललो. आता ह्या समद्या पेरनार, तेंचं बुडल्यावर कसं?"

आप्पांनी मापटं राशीवर उलटं केलं. ते त्या राशीकडं बघत होते. एवढी वर्षं एकेक हिरवं झाड धरून त्यांनी ते बी केलं होतं, आणि ते माझ्याकडं वळले तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस मला दारातून बाहेर काढणार.

"म्हंजे बी चांगलं न्हवं," ते म्हणाले. "माळ चांगला."

"दाणा चांगलाच आहे, आप्पा. एकरी उताराही—"

"सरळ बोला बाई."

"रोग टाळायला माळ चांगला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. ही मात्र होकाराची होती. मग मोठ्यानं म्हणाले, "बसा गं समद्या. बाई काय सांगत्यात ते आदी ऐका, मग ओटी." आणि मला म्हणाले, "पान किती येळ वलं ऱ्हायलं की मारायचं, ते सांगा."

हा प्रश्न मला सबंध नोकरीत कुणी आपणहून विचारला नव्हता. सगळे विचारायचे ते कुठलं औषध आणि केवढ्याला. मी त्या बायकांना सांगितलं: सकाळी न्याहारीच्या वेळेला रानात जा, पानाच्या पाठीवर हात फिरवा. तेव्हाही हात ओला होत असेल, अंगाला गारवा लागत असेल आणि असं दोन-तीन दिवस ओळीनं चाललं, तर फोड दिसायची वाट बघू नका. ऊन पडून पान वाळत असेल तर घाई करू नका. एकीनं विचारलं, दुसरीनं विचारलं, आणि सासूबाईंनी विचारलं की बांधावरची झाडं छाटली तर पान लवकर वाळेल का. मी म्हटलं, वाळेल. बोलता बोलता माझ्या अंगातली ती वर्षभराची तगमग कुठं गेली कळलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ती परत आली, ते सोडा. माझ्या बागेतून तांबेरा न लागणारी जात मी नोकरीत असेपर्यंत निघाली नाही, याची रुखरुख आहेच. ते काम पुढच्यांनी केलं.

ओट्या भरायला सुरुवात झाली. आप्पा प्रत्येकीच्या पदरात बी घालायचे आणि म्हणायचे, "बी घ्या, औषध मारा." आवाज बसलेला होता, पण एकीलाही त्यांनी वगळलं नाही. पहिला मान असलेली महादेवी शेवटी राहिली होती. ती पुढं आली, पदर धरला. आप्पांनी दोन मापटी घातली आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "औषध मारल्यावर हात साबनानं धूत जा. गेल्या साली तू चा दिलास तवा वास यीत हुता हाताला. अळीचं असंल, म्हटलं मी मनाला."

राशीतले उरलेले दाणे गोळा करत ते परत म्हणाले, "म्हटलं."